कॅनडाचे कायम वास्तव्य : दिवस कमी भरले, तर परतीचा मार्ग कोणता?

कॅनडात कायम वास्तव्याचा परवाना मिळवण्यासाठी कुटुंबे आयुष्याची काही वर्षे आणि बरीचशी पुंजी खर्ची घालतात. परवाना हाती आल्यावर तो टिकवण्याचीही एक अट असते, याकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते. कुणाचे वडील अंथरुणाला खिळतात म्हणून पुण्याला परतावे लागते, कुणाला मनाजोगती नोकरी न मिळाल्याने मुंबईतली जुनी नोकरी पुन्हा धरावी लागते, तर मुलाने बोलावून घेतलेल्या आईवडिलांना तिथला हिवाळा सोसवत नाही. पाहता पाहता चार-पाच वर्षे उलटतात आणि कार्डाची मुदत संपते. अशा वेळी काही जण दर्जा गेला असे गृहीत धरून परतीचा विचारच सोडून देतात. दुसरीकडे, काहीच बिघडलेले नाही अशा समजुतीने थेट तिकीट काढणारेही असतात. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

कायम रहिवाशाचा दर्जा दिवस कमी भरल्यामुळे आपोआप संपत नाही. अधिकाऱ्याने तसा निर्णय दिल्यानंतर, आणि त्यावरील अपिलाची वाट बंद झाल्यानंतरच तो संपतो. म्हणून परतणाऱ्याच्या दृष्टीने प्रश्न केवळ ‘किती दिवस भरले’ एवढाच नसतो. हिशेब कुठे, कोणासमोर आणि कोणत्या दिवशी तपासला जाणार, यावरही पुष्कळ काही अवलंबून असते.

सातशे तीस दिवसांचा हिशेब

कॅनडाचा सध्याचा इमिग्रेशन कायदा २८ जून २००२ पासून अमलात आहे. त्याच्या २८ व्या कलमानुसार कायम रहिवाशाने प्रत्येक पाच वर्षांच्या कालावधीत किमान ७३० दिवस कॅनडात राहिले पाहिजे. हे दिवस सलग असण्याची गरज नाही. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही हिशेबात धरला जातो.

त्यापूर्वीच्या, १९७६ च्या कायद्यात दिवसांपेक्षा हेतूला महत्त्व होते. कॅनडा कायमचा सोडण्याच्या इराद्याने देशाबाहेर गेलेल्या व्यक्तीचा दर्जा संपत असे आणि बारा महिन्यांत १८३ दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास तसा इरादा गृहीत धरला जाई. त्यासाठी परतणाऱ्या रहिवाशाचा वेगळा परवाना आधीच काढून ठेवण्याची सोय होती. आता ती नाही. अमेरिकेच्या ग्रीन कार्डाबाबत आजही हेतूचा विचार होतो आणि दीर्घ प्रवासापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना घेता येतो. कॅनडात अशी आगाऊ मुभा मिळत नाही, हा दोन्ही देशांमधला महत्त्वाचा फरक आहे.

पाच वर्षे म्हणजे कोणती पाच वर्षे, याविषयी बराच गोंधळ आढळतो. दर्जा मिळून पाच वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर उरलेल्या काळात ७३० दिवस पुरे होऊ शकतात की नाही, एवढेच अधिकारी पाहतो. पाच वर्षे उलटून गेली असतील, तर तपासणीच्या दिवसापासून मागे मोजलेली पाच वर्षेच विचारात घेतली जातात. त्याआधीचे दिवस कितीही असले तरी त्यांचा उपयोग नाही.

उदाहरणादाखल, १ जून २०१९ रोजी कायम रहिवासी झालेला एक अभियंता ३१ मार्च २०२० पर्यंत कॅनडात राहून भारतात परतला असे समजू. त्याचे ३०५ दिवस भरले. त्याची पहिली पाच वर्षे ३१ मे २०२४ रोजी संपत होती. तो ३ एप्रिल २०२३ पर्यंत कॅनडात परतला असता, तर उरलेले ४२५ दिवस काठोकाठ भरले असते आणि विमानतळावर त्याला अडचण आली नसती. तोच १ ऑक्टोबर २०२३ रोजी परतला, तर पुढे २४४ दिवसच शिल्लक राहतात. बेरीज ५४९ होते आणि १८१ दिवस कमी पडतात. तो २०२५ च्या सप्टेंबरमध्ये प्रथमच परतला, तर मागील पाच वर्षांत त्याचा एकही दिवस भरत नाही. सुरुवातीचे ३०५ दिवस तोवर हिशेबातून पूर्णपणे गळून पडलेले असतात.

कोणते दिवस धरले जातात?

देशाबाहेर काढलेले काही दिवसही कायदा कॅनडातील वास्तव्यासारखेच मोजतो. पती किंवा पत्नी कॅनडाची नागरिक असेल आणि रहिवासी तिच्यासोबत परदेशात राहत असेल, तर ते दिवस धरले जातात. कॅनडातील कंपनीने किंवा तेथील केंद्र वा प्रांतिक सरकारने पूर्णवेळ कर्मचारी म्हणून परदेशी नेमणूक केली असेल, तरीही ते दिवस जमेस येतात. अशी नेमणूक असलेल्या कायम रहिवाशासोबत राहणाऱ्या जोडीदारालाही हीच सवलत आहे. बावीस वर्षांखालील अविवाहित मुलांना आईवडिलांच्या सोबतीचा असाच लाभ मिळतो.

मात्र ही सवलत उलट दिशेने लागू होत नाही. कॅनडात जन्मल्यामुळे तेथील नागरिक असलेल्या बाळाला घेऊन आई नाशिकला राहिली, तर तिचे ते दिवस मोजले जात नाहीत. मुलगा कॅनडाचा नागरिक आहे आणि तो सध्या बंगळुरूला नोकरीस आहे, म्हणून त्याच्याजवळ राहणाऱ्या कायम रहिवासी आईवडिलांनाही सूट मिळत नाही. वयोवृद्धांसाठी दिवसांची अट शिथिल केलेली नाही.

नोकरीच्या सवलतीविषयीही असाच गैरसमज आहे. टोरांटोत नावापुरती कंपनी नोंदवून तिचे काम ठाण्यातून केले, तर ते पुरेसे ठरत नाही. मुख्यतः दिवसांची अट भागवण्यासाठी चालवलेला व्यवसाय नियमांनी स्पष्टपणे वगळला आहे. कॅनडातील कंपनीने भारतात स्थानिक पातळीवर नेमलेल्या कर्मचाऱ्यालाही ही सवलत सहसा मिळत नाही. नेमणूक कॅनडातून झालेली असावी आणि ती संपल्यावर परत येण्याचा संबंध टिकून असावा, अशी अपेक्षा असते.

कार्ड वेगळे, दर्जा वेगळा

पीआर कार्ड साधारणतः पाच वर्षांच्या मुदतीचे असते. त्याची मुदत संपली म्हणजे दर्जा संपला असे नाही. त्याचप्रमाणे कार्डावर अजून दोन वर्षे शिल्लक आहेत, म्हणून दिवसांची अट पाळली गेली असेही होत नाही. कार्ड हा केवळ दर्जाचा पुरावा आहे. वैध कार्ड जवळ असणाऱ्याला कायम रहिवासी मानले जाते. देशाबाहेर असताना कार्ड जवळ नसेल, तर तो रहिवासी नाही असे गृहीत धरले जाते. ही दोन्ही गृहीतके पुराव्याने खोडता येतात.

विमान कंपन्या कार्ड पाहिल्याशिवाय प्रवाशाला कॅनडाच्या विमानात बसू देत नाहीत. रेल्वे, बस आणि जहाजांनाही हाच नियम आहे. म्हणून वैध कार्ड नसलेल्याला कायम रहिवाशाचा प्रवास दस्तऐवज मिळवण्यासाठी भारतातूनच अर्ज करावा लागतो. त्याऐवजी पर्यटक व्हिसा घेऊन जाऊ, असे अनेकांना वाटते. परंतु कायम रहिवाशाला पर्यटक व्हिसा मिळत नाही. दर्जा आहे तोवर प्रवास दस्तऐवज घ्यावा किंवा दर्जा रीतसर सोडावा, हेच दोन पर्याय उरतात.

अर्ज करावा की न करावा?

प्रवास दस्तऐवजाचा अर्ज म्हणजे केवळ प्रवासाची परवानगी नव्हे. त्यानिमित्ताने अधिकारी मागील पाच वर्षांचा संपूर्ण हिशेब तपासतो. दिवस भरलेले असतील, किंवा ते कमी असूनही मानवतेच्या व अनुकंपेच्या आधारावर सवलत देण्याजोगी परिस्थिती असेल, तर दस्तऐवज दिला जातो. तसे नसेल तर अट मोडल्याचा निर्णय दिला जातो. त्याविरुद्ध ६० दिवसांत अपील केले नाही, तर दर्जा तिथेच संपुष्टात येतो. त्यामुळे कागदपत्रांची जुळवाजुळव न करता घाईघाईने केलेला अर्ज घातक ठरू शकतो.

येथे आणखी एक तरतूद उपयोगी पडते. अधिकाऱ्याच्या तपासणीपूर्वीच्या ३६५ दिवसांत व्यक्ती किमान एकदा कॅनडात जाऊन आलेली असेल आणि तिने अपील केले असेल किंवा अपिलाची मुदत बाकी असेल, तर तिला परतण्यासाठी प्रवास दस्तऐवज द्यावाच लागतो. अपील प्रलंबित असताना ती कॅनडात राहू शकते. जी व्यक्ती वर्षभरात एकदाही गेलेली नाही, तिला अपिलाचा निकाल लागेपर्यंत बहुधा भारतातच थांबावे लागते. सुनावणीला तिची प्रत्यक्ष उपस्थिती आवश्यक वाटल्यास अपील विभाग तसा आदेश देऊ शकतो आणि मग त्यापुरता दस्तऐवज मिळतो.

सीमेवर काय घडते?

वैध कार्ड घेऊन विमानतळावर उतरलेल्या रहिवाशाचे दिवस कमी असले, तरी त्याला प्रवेश नाकारता येत नाही. तो कायम रहिवासी आहे याची अधिकाऱ्याला खात्री पटली की त्याला आत सोडणे कायद्याने बंधनकारक असते. कार्डाची मुदत संपलेली व्यक्तीही अमेरिकेतून खासगी मोटारीने सीमेवर पोहोचू शकते आणि जुने कार्ड किंवा आगमनाच्या वेळची कागदपत्रे दाखवून दर्जा सिद्ध करू शकते. कॅनडा सरकार स्वतःच हा मार्ग मान्य करते. मात्र भारतीय पारपत्रधारकाकडे त्यासाठी अमेरिकेचा वैध व्हिसा असावा लागतो.

प्रवेश मिळाला म्हणजे प्रकरण मिटले, असे मात्र नाही. दिवस कमी असल्याचे आढळल्यास सीमेवरील अधिकारी लेखी अहवाल तयार करू शकतो. त्या अहवालावर मंत्र्यांचा प्रतिनिधी म्हणून काम पाहणारा वरिष्ठ अधिकारी निर्णय घेतो. बाहेर राहण्यामागची कारणे त्याने विचारात घ्यावीत अशी अपेक्षा असते. ती पटली नाहीत, तर तो देश सोडण्याचा आदेश काढतो. हा शब्दप्रयोग भीतिदायक वाटला, तरी आदेश लगेच अमलात येत नाही. त्याविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते आणि निकाल लागेपर्यंत ती व्यक्ती कायम रहिवासीच राहते. ती नोकरी करू शकते आणि तिला एक वर्ष मुदतीचे कार्डही मिळू शकते.

सीमेवरील अधिकाऱ्याने काहीच न विचारता आत सोडले, तर त्याचा अर्थ दिवस भरले असा होत नाही. तपासणी तेवढी पुढे गेली असा त्याचा अर्थ असतो. त्यानंतर कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज केला की तोच हिशेब पुन्हा समोर येतो. वरच्या उदाहरणातील अभियंता १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅनडातच राहिला, तरी २०२४ च्या जूनपासून त्याचा एक जुना दिवस गळतो आणि एक नवा मिळतो. त्यामुळे बेरीज अनेक महिने ५४९ च्या आसपासच घुटमळते. सलग दोन वर्षे राहिल्यावर, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस, त्याचे ७३० दिवस भरतात. तोवर त्याच्याविरुद्ध अहवाल झालेला नसेल, तर त्याची त्रुटी भरून निघते. या काळात नूतनीकरणाचा अर्ज, देशाबाहेरचा प्रवास किंवा नातेवाइकांना बोलावण्याचा अर्ज यांपैकी कोणतेही पाऊल तपासणीला निमंत्रण देऊ शकते, याची जाणीव असावी.

अहवाल तयार झाल्यावर मात्र घड्याळ थांबते. त्यानंतर कॅनडात काढलेले दिवस ७३० च्या हिशेबात मोजले जात नाहीत. अपिलाचा निकाल रहिवाशाच्या बाजूने लागला आणि त्याने अट मोडली नव्हती असे ठरले, तरच ते दिवस परत मिळतात. अपील लांबले की तेवढ्यात दिवस भरतील, हा हिशेब त्यामुळे चुकतो.

अपिलात काय पाहिले जाते?

परदेशातील निर्णय असो वा सीमेवरील आदेश, दोन्हींविरुद्धचे अपील इमिग्रेशन अपील विभागापुढे चालते. पहिल्या अधिकाऱ्यापुढे नसलेला नवा पुरावाही तिथे मांडता येतो. दिवसांची मोजणी चुकली, हा एक मुद्दा असू शकतो. बहुतेक प्रकरणांचा भर मात्र अनुकंपेवर असतो. किती दिवस कमी पडले, देश का सोडला, इतका काळ बाहेर का राहावे लागले, पहिली संधी मिळताच परतण्याचा प्रयत्न केला का, कॅनडात घर, नोकरी, बँक खाते, नातेवाईक असे कोणते बंध आहेत, दर्जा गेल्यास कुटुंबाला कोणता त्रास होईल, हे सारे पाहिले जाते. निर्णयाची झळ ज्या मुलाला बसणार असेल, त्याच्या हिताचा विचार करणे तर कायद्यातच नमूद आहे.

आजारी आईवडिलांची शुश्रूषा हे भारतीय कुटुंबांच्या प्रकरणांत वारंवार पुढे येणारे कारण. ते खरे असले तरी नुसते सांगून भागत नाही. आजार कोणता, तो किती काळ चालला, सेवा करायला दुसरे भावंड होते का, मधल्या काळात थोड्या दिवसांसाठी तरी परतणे शक्य होते का आणि प्रसंग संपल्यावर किती लवकर परतला, हे प्रश्न विचारले जातात. वडिलांच्या निधनानंतर दोन महिन्यांत परतलेल्याची बाजू बळकट असते. त्यानंतर तीन वर्षे चांगल्या पगाराच्या नोकरीसाठी थांबलेल्याची बाजू कमकुवत होते, कारण हे थांबणे स्वेच्छेचे मानले जाते.

रुग्णालयाची कागदपत्रे, डॉक्टरांची सविस्तर पत्रे, मृत्यूचा दाखला, विमानाची जुनी तिकिटे आणि पारपत्रावरील शिक्के त्यासाठी जपून ठेवावेत. मराठीतील दाखल्यांना इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतराची प्रमाणित जोड द्यावी लागते. अपील फेटाळले गेल्यास फेडरल कोर्टाकडे दाद मागता येते, पण त्यासाठी आधी कोर्टाची परवानगी लागते आणि कोर्ट प्रकरणाची नव्याने सुनावणी घेत नाही. निर्णय कायद्याला धरून व वाजवी होता की नाही, एवढेच ते तपासते.

अपील हरल्यानंतर देश सोडण्याचा आदेश अमलात येतो. तेव्हा ३० दिवसांत रीतसर नोंद करून बाहेर पडणे महत्त्वाचे असते. तसे न केल्यास त्याचे रूपांतर हद्दपारीच्या आदेशात होते आणि पुढे कधीही परतायचे झाल्यास विशेष परवानगी घ्यावी लागते.

दिवस वाढवून सांगण्याचा मोह

अर्जात दिवस वाढवून लिहिणे किंवा कॅनडातील नातेवाइकाच्या पत्त्यावर राहत असल्याचे भासवणे, हा सर्वांत धोकादायक मार्ग आहे. जमिनीवरील सीमा ओलांडून बाहेर जाणाऱ्या सर्व प्रवाशांच्या नोंदी २०१९ पासून आणि विमानाने जाणाऱ्यांच्या २०२० पासून कॅनडा सरकारकडे जमा होतात. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास पाच वर्षांची प्रवेशबंदी होते आणि त्या काळात कायम वास्तव्यासाठी नवा अर्जही करता येत नाही. दिवस कमी पडणे हा गुन्हा नाही आणि त्यावर सवलतीची सोय आहे. खोटेपणामुळे मात्र साधे प्रकरण कायमचे बिघडू शकते.

दर्जा सोडण्याचा पर्याय

परतण्याचा खरोखरच विचार नसेल, तर दर्जा स्वेच्छेने सोडण्याची तरतूद आहे. मुलाकडे वर्षातून दोन-तीन महिने जाऊन येऊ इच्छिणाऱ्या ज्येष्ठांना तो मार्ग अनेकदा सोयीचा ठरतो. दर्जा सोडल्यावर ते पर्यटक व्हिसा किंवा नागरिक अथवा कायम रहिवासी असलेल्या मुलाच्या हमीवर मिळणारा दीर्घ मुदतीचा सुपर व्हिसा मागू शकतात. २०११ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या या व्हिसासाठी मुलाच्या उत्पन्नाची व आरोग्य विम्याची अट असते. मात्र एकदा सोडलेला दर्जा परत मागता येत नाही. पुन्हा कायम वास्तव्य हवे असल्यास नव्याने पात्र ठरून पहिल्यापासून अर्ज करावा लागतो. तरुण अर्जदाराला वाढलेल्या वयामुळे तेव्हा गुण कमी मिळू शकतात. म्हणून केवळ एखाद्या लग्नाला वेळेवर पोहोचण्याच्या घाईत दर्जा सोडण्यापूर्वी पुरेसा विचार व्हावा. तातडीच्या प्रसंगी अनुकंपेच्या आधारावर प्रवास दस्तऐवज मागण्याचा मार्ग आधी तपासून पाहावा.

परतण्यापूर्वी

तिकीट काढण्याआधी पारपत्रावरील शिक्क्यांवरून मागील पाच वर्षांचा दिवसवार तक्ता तयार करावा. कार्डाची मुदत आणि दर्जा मिळाल्याची तारीख त्यासोबत लिहून ठेवावी. दिवस कमी पडत असतील, तर किती कमी पडतात आणि त्यामागे कोणती कारणे होती, ते कागदपत्रांसह मांडावे. कार्ड वैध असेल, तर ते संपण्यापूर्वी परतणे आणि कार्ड संपल्यावर भारतातून दस्तऐवज मागणे यांच्या परिणामांत मोठा फरक आहे. पहिल्या प्रकारात अपील कॅनडात राहून लढता येते, दुसऱ्यात ते बहुधा दुरून लढावे लागते. प्रतिकूल निर्णय हाती पडलाच, तर परदेशातील निर्णयासाठी ६० आणि कॅनडातील आदेशासाठी ३० दिवसांची मुदत काटेकोरपणे पाळावी. पैसे देऊन सल्ला घ्यायचा असल्यास तो कॅनडात परवानाधारक असलेल्या वकिलाचा किंवा सल्लागाराचाच घ्यावा. परवाना नसलेल्या एजंटाला मोबदला घेऊन अशा प्रकरणात अर्जदाराचे प्रतिनिधित्व करण्याची कायद्याने मनाई आहे.